निजलेली बोटं

सांगलीच्या ब्रेल छापखान्यातून शाळेचं कुठलंही पुस्तक राजमती मगदूमच्या बोटांखालून गेल्याखेरीज बाहेर पडत नसे. साल दोन हजार त्रेचाळीस. छापील मजकुराचं ब्रेल करायला यंत्रं होती आणि ती फारशी चुकतही नसत. पण एखादी चूक राहिली, की ती सगळ्या प्रतींत जायची आणि पोरांच्या बोटांत मुरायची. म्हणून शेवटचा हात माणसाचा, असा त्या छापखान्याचा दंडक होता. तो हात राजमतीचा.

ती दोन वर्षांची असताना तापात तिची नजर गेली होती. तिला ते आठवतही नव्हतं, त्यामुळे त्याचं दुःखही नव्हतं. डावी तर्जनी पुढं, उजवी तिच्या मागं, अशी जोडी ओळीवरून धावायची आणि राजमती मोठ्यानं वाचत जायची. समोर तिची सहकारी वैजयंता मूळ छापील पान धरून शब्द जुळवत बसायची. इतकी वर्षं हे जोडकाम चाललं होतं, की वैजयंताचा सर्दीचा खोकला कुठला आणि चूक सापडल्याचा कुठला, हे राजमतीला बरोबर कळायचं.

छातीतली गाठही तिच्या बोटांनीच शोधली. आंघोळ करताना डाव्या बाजूला, काखेच्या जरा खाली, मटकीच्या दाण्याएवढं काहीतरी लागलं. यंत्रावर ते दिसायला दुसरी खेप लागली. पण दिसलं, आणि लवकर दिसलं, हे डॉ. शबाना मुजावर यांनी पहिल्याच भेटीत सांगितलं. गाठ लहान असली तरी जातीनं तापट होती. आधी काही महिने केमोथेरपी, मग शस्त्रक्रिया, असं ठरलं. राजमती घाबरली नाही असं नाही. पण बरं होण्याची आशा मोठी आहे, एवढं ऐकल्यावर ती घरी येऊन व्यवस्थित जेवली. तिचा नवरा सुकुमार मात्र ताटात बोटं फिरवत बसला. त्याचं मार्केट यार्डाशेजारी विजेच्या मोटारींच्या रिवायंडिंगचं दुकान होतं. बोलका गडी, पण त्या आठवड्यात गिऱ्हाइकांशीही मोजकंच बोलत होता.

खरा पेच पुढच्या भेटीत समोर आला.

डॉक्टरांनी राजमतीच्या हातात सलाईनची एक लांब नळी दिली. म्हणाल्या, ही एक पेशी समजा. या टोकाला, मानेजवळ, मणक्याशेजारी तिचं घर. ते टोक तुमच्या बोटाच्या पेरात. घर आणि पेर यांच्यामध्ये हातभर अंतर, पण पेशी एकच. घरात तयार झालेलं अन्न त्या टोकापर्यंत पोचवायचं, तर वाटेत रूळ हवेत. प्रत्येक पेशीत असे बारीक रूळ असतात. पेशीची वाटणी होते तेव्हाही हेच रूळ कामाला येतात; अर्धा संसार एकीकडे, अर्धा दुसरीकडे ओढून नेतात. कॅन्सरच्या पेशी सारख्या वाटण्या करत असतात. एका डोंगरी झाडाच्या सालीत सापडलेलं जुनं औषध हे रूळ गोठवून टाकतं. वाटणी अर्ध्यावर अडते, पेशी मरते.

"आणि बोटांकडं जाणारे रूळ?" राजमतीनं विचारलं.

"तेही गोठतात," डॉक्टर म्हणाल्या. "शेवटच्या टोकांची उपासमार होते. नळी जितकी लांब, तितका धोका जास्त. आधी पायाची बोटं बधिर होतात, मग हाताची. बऱ्याच जणींचं नंतर भरून येतं. पण तुमच्या रक्तातल्या पेशींपासून आम्ही तुमचे चेतातंतू वाढवून पाहिले, त्यांच्यावर औषध घालून पाहिलं. तुमचे नाजूक आहेत, राजमतीताई. तुमच्या बोटांचं भरून येईल असं मला वाटत नाही."

दुसरं औषध होतं. ते बोटांना सांभाळून घेणारं, पण या गाठीवर तेवढं चालणारं नव्हतं. काही वर्षांनी गाठ परत येण्याची भीती त्यानं बरीच वाढायची. निवांत विचार करा, घरी बोला, असं डॉक्टर सांगत होत्या, तोवर राजमतीनं नळी गुंडाळून टेबलावर ठेवली.

"मला दुसरं द्या," ती म्हणाली.

शेजारी सुकुमारची खुर्ची करकरली. जैन घर, जेवणं सूर्यास्ताआधी. त्या दिवशीही ती वेळेवर झाली. मग हात धुऊन तो तिच्यासमोर बसला.

"बोटांसाठी जीव पणाला लावायलीस," तो म्हणाला. "मला विचारलंही नाहीस."

तिनं विचारलं नव्हतं, हे खरंच होतं. घरात पुस्तकं वाचून दाखवणारं यंत्र आहे, हव्या त्या आवाजात आहे, मग अडतंय कुठं, असं त्याचं म्हणणं. तिला वाटलं, एवढ्या वर्षांच्या संसारात हे त्याला सांगायची वेळच कधी आली नव्हती.

"ऐकणं म्हणजे कुणीतरी भरवलेला घास," ती म्हणाली. "पोट भरतं, नाही असं नाही. पण शाळेत गेले त्या दिवसापासून मी माझ्या हातानं जेवतेय. कुठं थांबायचं, कुठली ओळ परत घ्यायची, हे माझं मी ठरवते. उरलेलं सगळं मला कुणीतरी सांगावं लागतं, सुकुमार. आभाळ आलंय, भिंतीचा रंग उडालाय, रस्त्यात खड्डा आहे. पुस्तक तेवढं मला कुणी सांगत नाही."

तो म्हणाला, "आणि गाठ परत आली तर मी काय करू, तेवढं सांग."

तो उठून पडवीत गेला आणि दुकानातून आणलेली कॉइल गुंडाळायला बसला. तारेचे वेढे मोजताना तो नेहमी पुटपुटायचा. त्या संध्याकाळी त्याचा आकडा पुन्हा पुन्हा चुकत होता, आणि तार उलगडून तो पहिल्यापासून सुरुवात करत होता. राजमती आतून ऐकत बसली. तिला त्याचा राग आला नाही; आपण त्याला हिशेबातच धरलं नव्हतं, याची लाज वाटली.

डॉक्टरांनीच दोघांना परत बोलावून घेतलं. एक तिसरी वाट आहे, म्हणाल्या. मागच्या वेळी सांगितली नाही, कारण राजमतीच्या बाबतीत तिचं काय होईल हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि अजूनही नाही.

थंड मुलखात जमिनीत बिळं करून राहणाऱ्या खारी असतात. हिवाळाभर त्या मेल्यासारख्या झोपतात. त्या झोपेत त्यांच्या मेंदूतल्या पेशी आपले फाटे आखडून घेतात, आणि जाग आल्यावर ते पुन्हा फुटतात. खारीला आपलं बीळही आठवतं नि पुरलेल्या बियाही. हे फार पूर्वी कळलं होतं. आता त्यामागचं प्रथिन माणसाच्या चेतातंतूंना लागू पडेल असं तयार झालं होतं. मनगटात आणि घोट्यात सुई द्यायची. बोटांच्या कातडीत पसरलेली टोकं एक-दोन दिवसांत मागं सरकतात, हळदीच्या गड्ड्यासारखी आत निपचित पडून राहतात. खायला मागत नाहीत, त्यामुळे रूळ गोठले तरी उपाशी मरत नाहीत. केमो संपली, सुया थांबवल्या, की काही महिन्यांत टोकं पुन्हा कातडीकडं वाढत येतात.

"म्हणजे तोवर हात बधिर," सुकुमार म्हणाला.

"हलतील. कळणार काही नाही."

"आणि परत आल्यावर वाचता येईल?" राजमतीनं विचारलं.

डॉक्टरांनी आवाजात साखर घातली नाही. "माहीत नाही. ज्यांना हे दिलं, त्यांना आम्ही शर्टाची बटणं लावायला सांगितली. गरम-गार ओळखायला सांगितलं. ते सगळ्यांना जमलं. सहा ठिपके वेगवेगळे लागतात का, हे कुणाला विचारलंच नाही, कारण त्यांत बोटांनी वाचणारं कुणी नव्हतं. टोकं परत येतील, पण जुन्याच जागी येतील असं नाही. कदाचित तुम्हाला पहिल्यापासून शिकावं लागेल. कदाचित पूर्वीइतकं बारीक कधीच लागणार नाही."

राजमती मनात ती सलाईनची नळी उलगडत होती, मानेपासून पेरापर्यंत. मग तिनं विचारलं, "लांब नसेला आधी फटका बसतो म्हणालात. मग सगळ्यांत आखूड नस कुठली?"

"चेहऱ्याची," डॉक्टर म्हणाल्या. "मेंदू अगदी शेजारी. चेहऱ्याला सहसा काही..." त्या मध्येच थांबल्या. खुर्ची पुढं ओढल्याचा आवाज आला. "ओठ," त्या म्हणाल्या. "ओठांची जाण बोटांच्या पेरांइतकीच बारीक असते."

सुकुमारला रिक्षात बसेपर्यंत कळलं नव्हतं, की या दोघी एवढ्या खूश कशाला झाल्या.

तिसरी वाट ठरली, आणि बोटं निजलेली असतील तोवर ओठांनी वाचायचं; केमो सुरू व्हायला अजून काही आठवडे होते. दुसऱ्या दिवशी वैजयंतानं छापखान्यातून प्लास्टिकवर उठवलेलं ब्रेल आणलं. कागद चालणार नव्हता. केमोनं अंगातली जंतूंशी लढायची ताकद कमी होणार, म्हणून ओठाला लागेल ते साबणानं धुता यायला हवं होतं. राजमतीनं दार लावून घेतलं आणि पहिलं पान तोंडाशी धरलं.

काहीच कळेना. बोट टोकदार असतं. ओठ म्हणजे गादी. तीन-तीन अक्षरं एकदम अंगावर यायची नि त्यांचा लगदा व्हायचा. तिनं वरचा ओठ वापरून पाहिला, खालचा पाहिला, चंबू करून पाहिला. शेवटी खालच्या ओठाच्या मधोमध, जरा उजवीकडं, एक जागा सापडली, जिथं ठिपके सुटे-सुटे लागत होते. त्या जागेवर तिनं पहिलीच्या पुस्तकातली एक ओळ घोळवून घोळवून वाचली आणि विजयी सुरात बाहेर बसलेल्या वैजयंताला सांगितली, "झाडावर मावळा बसला होता."

वैजयंता इतकी हसली, की तिला पाणी द्यावं लागलं. झाडावर कावळा होता. ब्रेलमध्ये क आणि म यांत एका ठिपक्याचा फरक. त्या ओठाला तो जास्तीचा लागला होता. पुढचे कित्येक दिवस वैजयंता फोन केला की आधी विचारायची, मावळा उतरला का झाडावरून.

हळूहळू तो उतरला. अक्षरं सुटी झाली, मग शब्द. एका ओळीला पूर्वी पानाला लागायचा तेवढा वेळ लागत होता, आणि मान मोडून यायची. पण आपण मुळाक्षरं शिकतोय, या वयात, याची राजमतीला गंमत वाटायला लागली होती. सकाळी उठल्या उठल्या ती पान घेऊन बसायची. एकदा सुकुमार दारात येऊन बराच वेळ उभा राहिला. चहाच्या वासावरून तिला कळलं.

"पुस्तकाचे मुके घ्यायलीस नुसती," तो म्हणाला.

"हेवा वाटतो?"

"वाटतो की."

त्याच संध्याकाळी त्यानं तिच्या खुर्चीची मापं घेतली. हात बधिर झाल्यावर पान धरणार कोण नि सरकवणार कोण, हे त्याच्या डोक्यात आलं होतं. तिच्या आलं नव्हतं. त्यानं पातळ पाइपांचा एक सांगाडा केला. त्यावर दोन रूळ, रुळांवर पान ताणलेलं, आणि गुडघ्यानं दाबायचा एक दांडा. दांडा दाबला की एक ओळ वर सरकायची. डोकं जागच्या जागी, पानच ओठांपुढून जायचं. पहिल्या दिवशी ते इतक्या जोरात सरकलं, की तिच्या नाकाला खरचटलं. त्यानं स्प्रिंग बदलली. नंतर ती कुरकुरायला लागली, तेव्हा पुन्हा बदलली. दुकानातल्या मोटारी तशाच पडून होत्या, गिऱ्हाइकं फोन करत होती, आणि तो पुन्हा पूर्वीसारखा सगळ्यांशी भरभरून बोलत होता.

बाकीची तयारीही चालूच होती. किडकी दाढ काढून झाली, कारण केमोत तोंड येतं आणि दाताचं दुखणं अंगावर काढून चालत नाही. हृदयाची तपासणी झाली. औषध द्यायला गळ्याखाली कातडीच्या आत एक छोटी डबी बसवली. ओठांना दिवसातून कितीदा साजूक तूप लावायचं, मिठाच्या गुळण्या कधी करायच्या, हे डॉक्टरांनी बजावून सांगितलं. ओठ जपले नाहीत तर हीही वाट बंद होईल, म्हणाल्या. केस जाणार, हे सुकुमारला जास्त लागलं. राजमती म्हणाली, ते बघतोस तू, त्यामुळे त्यांचं दुःखही तूच कर. तो हसला. पण मग वेणी त्यानंच घातली, वेडीवाकडी.

सुया द्यायचा दिवस ठरला, तेव्हा तिला वाटलं होतं, आदल्या दिवशी बोटांनी काहीतरी मोठं वाचावं. प्रत्यक्षात त्या दिवशी सकाळी छापखान्यात जाऊन तिनं हातातलं भूगोलाचं पुस्तक संपवलं, वैजयंतानं तिच्या पाठीवर हात ठेवला, आणि दुपारी घरी आल्यावर तिला काहीच वाचावंसं वाटेना. तांदूळ निवडायचे होते. ती सूप घेऊन पडवीत बसली. खडे, कणी, भाताची टोकदार तुसं. बोटं आपली आपण काम करत होती. थोड्या वेळानं सुकुमार दुकानातून लवकर आला आणि समोर बसून त्यानंही सुपात हात घातला. त्याला तांदूळ निवडता येत नसत. तिनं तांदूळ सोडले आणि त्याचीच बोटं निवडायला घेतली. अंगठ्याला तांब्याच्या तारेनं पडलेले बारीक चरे. तर्जनीवर सोल्डरिंगचा जुना चटका. करंगळीचं नख लांब, दरवेळी कापायचं राहिलेलं.

"काय वाचायलीस?" त्यानं विचारलं.

"चुका," ती म्हणाली, आणि दोघं सावकाश हसली.

सुया दुखल्या नाहीत. रात्रीतून हातमोजे चढवल्यासारखं झालं, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मोजेही गेले. हात होते, हलत होते, पण जग मनगटाशी संपत होतं. चहाचा कप तिनं धरला असं तिला वाटत होतं. फुटल्याचा आवाज आला तेव्हा कळलं, धरला नव्हता. त्या वेळी ती रडली. भिंत, दाराची कडी, नळाची तोटी, पदराचं टोक, सगळ्यांनी एकाच वेळी बोलणं टाकल्यासारखं झालं होतं. सुकुमारनं काचा झाडल्या, फरशी पुसली, मग स्टीलच्या पेल्यात चहा गाळून नळी घालून आणला. समजूत काढली नाही. शेजारी बसून राहिला. चहा संपल्यावर तिनं पान मागितलं, त्यानं ते सांगाड्यावर चढवलं, आणि ती वाचायला लागली. दोन ओळी झाल्यावर तिचा श्वास जागेवर आला.

पहिल्या केमोच्या सकाळी रुग्णालयाच्या औषध देण्याच्या दालनात सुकुमार सांगाडा खांद्यावर मारून शिरला, तेव्हा परिचारिकांनी त्याला अडवलं. डॉ. मुजावर बाहेर आल्या, त्यांनी स्वतः तो जंतुनाशकानं पुसून घेतला आणि खुर्चीला लावून दिला. गळ्याखालच्या डबीत सुई गेली, औषध थेंबथेंब उतरायला लागलं. राजमतीनं वाट पाहिली, काहीतरी जळेल, काहीतरी गोठेल. काही झालं नाही. जरा गार वाटलं.

शेजारच्या खुर्चीत तासगावकडच्या गोदाक्का होत्या, द्राक्षबागवाल्या. त्यांची ही तिसरी खेप. हे काय चाललंय, असं त्यांनी विचारलं तेव्हा सुकुमारनं कौतुकानं सगळं सांगितलं, स्प्रिंगसकट. मग वाचून दाखव की, असा त्यांचा आग्रह सुरू झाला.

वैजयंतानं मुद्दाम एक रहस्यकथा उठवून दिली होती. हरिपूरच्या एका हळदीच्या पेवात, जमिनीखाली, बेपत्ता व्यापाऱ्याची चप्पल सापडते, अशी सुरुवात. राजमतीची अडचण एवढीच होती, की ज्या ओठांनी वाचायचं त्याच ओठांनी बोलायचं. बोटांनी वाचताना ती वाचता वाचता बोलायची. आता ओळ आधी मुकाट्यानं वाचायची, मग ओठ उचलून ती सांगायची, मग गुडघा दाबून पुढच्या ओळीवर यायचं. प्रत्येक ओळीनंतर शांतता. त्या शांततेत गोदाक्का हैराण व्हायच्या.

"पेवात उतरणाऱ्यानं कंदील खाली सोडला आणि..." राजमतीनं सांगितलं आणि ओठ खाली टेकवले.

"आणि?" गोदाक्का म्हणाल्या. "काय दिसलं गं बाई?"

राजमती वाचत होती. पलीकडच्या खुर्चीतलं कुजबुजणं थांबलं होतं. परिचारिकेची पावलं येता येता मंदावली होती. सुकुमारनं आयुष्यात एक गोष्टीचं पुस्तक पुरं केलं नव्हतं. तो श्वास धरून बसलाय, हे राजमतीला जाणवत होतं. ओळीत एक लांबलचक जोडाक्षर होतं, ते ओठाला नीट लागेना. तिनं ते पुन्हा घेतलं. घाई नव्हती. कुठली ओळ परत घ्यायची, हे तिचं तिनं ठरवायचं होतं.

गोदाक्कांचं सलाईन मघाशीच संपलं होतं. त्या उठल्या नव्हत्या. मग राजमतीचंही यंत्र वाजलं. परिचारिका जवळ आली, वाकली आणि म्हणाली, "झालं मगदूम मॅडम, पहिलं संपलं तुमचं. काढू ना सुई?"

राजमतीचे ओठ ओळीच्या मध्यावर होते.

"थांबा जरा," सुकुमार म्हणाला. "वाचतेय ती."